बेनिनचं पितळ कुणाचं

नकाशात आज बेनिन नावाचा देश दिसतो, तो हा नव्हे. तो पूर्वीचा दाहोमी. त्यानं १९७५ मध्ये बेनिन हे नाव घेतलं. आपण बोलतोय ते बेनिन त्याच्या पूर्वेला, आजच्या नायजेरियाच्या दक्षिणेत, नायजर नदीच्या अलीकडच्या दाट रानात होतं. तिथल्या लोकांना एडो म्हणतात, त्यांची भाषा एडो, आणि आपल्या राजधानीलाही ते एडोच म्हणतात. बेनिन हे बाहेरच्यांच्या तोंडचं नाव. आज ते शहर बेनिन सिटी म्हणून ओळखलं जातं आणि ज्या राज्याची ती राजधानी आहे त्याला एडो स्टेट म्हणतात.

दोस्तहो, काळ्यांशी आपलं नातं जुनं आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉय यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी पँथर हे नाव उचललं तेही तिकडचंच. म्हंजे काळ्यांची गुलामी आपल्याला ठाऊक आहे. पण काळ्यांचं राज्य? ते आपल्या वाचनात येत नाही, आणि आलंच तर दोन तऱ्हांनी येतं. एक तऱ्हा गोऱ्या साहेबाची. तो सांगतो, रानटी होते, नरबळी देत होते, आम्ही जाऊन सुधारलं. दुसरी तऱ्हा अभिमान्यांची. ते सांगतात, सोन्याचं युग होतं, राजा देवासारखा होता, सगळं गोऱ्यानं नासवलं. सोन्याच्या युगाची गोष्ट आपण इथं पेशवाईबद्दल भरपूर ऐकलीय. त्या युगात आपल्या कमरेला काय बांधलं होतं तेही ऐकलंय.

तेव्हा बाबासाहेबांच्या माणसानं दोन्ही सांगणाऱ्यांना थोडं बाजूला बसवावं आणि साधं विचारावं. खंदक कुणी खणला? पितळ कुणी ओतलं? आणि ते पितळ आलं कशाच्या बदल्यात?

सुरुवात दंतकथेतनं. आधी ओगिसो राजे होते. ओगिसो म्हणजे आभाळातले राजे. (आभाळातनं पडलेले राजे सगळ्याच मुलखात असतात. आपल्याकडचे सूर्यातनं आणि चंद्रातनं पडले.) त्या काळी मुलखाचं नाव होतं इगोदोमिगोदो. शेवटचा ओगिसो ओवोदो. त्याच्या कारभाराला लोक विटले आणि त्यांनी त्याला हाकलून दिलं. मग एव्हियान नावाच्या एका साध्या माणसानं कारभार बघितला. पण आपल्यामागं आपला पोरगा ओगियामिएन यानंच बसावं असं त्याच्या मनात आलं, तेव्हा लोक म्हणाले, नाय जमणार. बाप चांगला म्हणून पोराला गादी कशाला? इथवर गोष्ट मला फार आवडते. पुढं त्याच लोकांनी इफे या योरुबांच्या नगरीला माणसं पाठवून राजा मागितला. तिकडनं ओरान्मियान आला, त्याला इथं करमलं नाही, तो परत गेला. जाताना इथल्या बाईपासून झालेला मुलगा मागं ठेवला. तो एवेका, पहिला ओबा. ओबा म्हणजे राजा. साल साधारण १२०० च्या आसपासचं धरतात. त्या घराण्यातला ओबा आजही गादीवर आहे, एवुआरे दुसरा, २०१६ पासून. राज्य मात्र हातात नाही, मान आहे.

एडो लोकांतली दुसरी कथा सांगते की इफेचा मूळपुरुष ओदुदुवा हाच मुळी हाकलून दिलेला एडो राजपुत्र एकालादेरहान होता, तेव्हा राजा बाहेरनं आला नाही, आपलाच घरी आला. योरुबांना हे मान्य नाही. हे भांडण आजही चालू आहे. मला त्यापेक्षा एक विधी जास्त बोलका वाटतो. नवा ओबा गादीवर बसतो तेव्हा त्याला ओगियामिएनच्या वंशजाशी लुटुपुटीची लढाई खेळावी लागते. आठशे वर्षांनंतरही राजाला दाखवावं लागतं की ही गादी कुणाच्या तरी हातनं घेतलेली आहे.

हे सगळं आपल्याला कळतं ते जेकब एघारेव्हबा या माणसामुळं. विद्यापीठाची पदवी नसलेला हा माणूस म्हाताऱ्यांपाशी बसला, विचारत गेला, लिहीत गेला. १९३३ मध्ये त्यानं आपल्या एडो भाषेत बेनिनचा इतिहास छापला, मग पुढच्या वर्षी इंग्रजीत. पुढचे सगळे पंडित त्याच्या पुस्तकावरनं चालतात. पण त्याला सांगणारे बहुतेक दरबाराशी बांधलेले होते, हे ध्यानात ठेवून वाचायचं. हातात पुस्तक आलं म्हणून सगळ्यांचं तोंड त्यात आलं असं होत नाही.

राज्य घट्ट केलं ते पंधराव्या शतकात पहिल्या एवुआरेनं. परंपरा सांगते की त्यानं भावाला मारून, शहराला आग लावून गादी घेतली, आणि मग तेच शहर नव्यानं सरळ रुंद रस्ते काढून बांधलं. २०१ गावं जिंकली म्हणतात, तो आकडा गाण्यातला समजावा. पण त्यानं घातलेली कारभाराची घडी खरी. त्याच्या आधी उझामा नावाचे पिढीजात सरदार राजाला नाचवत होते. एवेदो नावाच्या ओबानं त्यांचं बळ आधीच कमी केलेलं होतं. एवुआरेनं दोन नव्या फळ्या उभ्या केल्या, राजवाड्याचे सरदार आणि नगराचे सरदार. नगराच्या सरदारांची पदं जन्मावर नव्हती. साधा माणूस कर्तबगारीवर, लढाईवर, साठवलेल्या पैशावर तिथवर चढू शकत होता. त्यांचा मुख्य तो इयासे. राजाला तोंडावर विरोध करायचा हक्क त्याला होता, भर सभेत. राजवाड्याच्या तीन मंडळ्यांमध्ये कुणाही स्वतंत्र एडो पुरुषाला शिरता येत होतं.

स्वतंत्र हा शब्द इथं नीट वाचा. जो गुलाम होता त्याच्यासाठी यातलं काहीच नव्हतं. बाईसाठी तर एकच मोठं पद, राजाच्या आईचं, इयोबा. तेसुद्धा एवुआरेचा नातू एसिगिए यानं सोळाव्या शतकात निर्माण केलं, आपली आई इदिआ हिच्यासाठी. इदाहच्या लढाईत ती त्याच्यामागं उभी राहिली होती म्हणून. तिचा हस्तिदंती मुखवटा आज जगभर छापला जातो. त्याच्याकडं पुढं येऊच.

आता खंदक. एडो लोक त्याला इया म्हणतात. खोल चर खणायचा आणि निघालेली माती आतल्या बाजूला रचून तट करायचा. ग्रॅहम कोना या पुरातत्त्ववाल्यानं १९६१ ते १९६४ मध्ये बेनिन सिटीत खोदकाम केलं. शहराच्या आतल्या तटाची उंची खंदकाच्या तळापासून माथ्यापर्यंत त्याला १७ मीटरच्या वर भरली. म्हणजे पाच मजली चाळ. त्यानं हिशेबही मांडला. एका कोरड्या हंगामात हे काम उरकायचं तर रोज दहा तासांची पाळी करणारी ५,००० माणसं लागली असती. मी सूतगिरणीत आठ तास उभा असतो, त्यामुळं दहा तास माती उपसणं म्हणजे काय ते मला थोडंफार कळतं. नाव मात्र एवुआरेच्या तटाचं.

पण गंमत अशी की सगळे खंदक राजाचे नाहीत. शहराबाहेर रानात असे चर एकात एक गुंतलेले आहेत, हजारो चौरस किलोमीटरवर. पॅट्रिक डार्लिंग यानं पायी हिंडून त्यांची मोजणी केली आणि एकूण लांबी १६,००० किलोमीटरच्या घरात असावी असा अंदाज दिला. हा आकडा वाचून लोक चीनच्या भिंतीला मागं टाकल्याच्या बाता मारतात. ती एक भिंत नाही, शेकडो गावांची शेकडो कुंपणं आहेत. पुष्कळशी ओबांच्याही आधीची, गावकऱ्यांनी आपापली शीव राखायला, शेत राखायला खणलेली. राजा आला तेव्हा माणसांना खणायचं आधीच ठाऊक होतं. पुढं घरं आणि रस्ते बांधताना हे तट फोडले गेले, माती विकली गेली, आणि आता पुष्कळ ठिकाणी खंदकात कचरा पडलाय.

त्याच खोदकामात कोनाला आणखी एक गोष्ट सापडली. एका खोल विहिरीसारख्या खड्ड्यात किमान ४१ तरुण स्त्रियांची हाडं. एकाच वेळी आत टाकलेल्या. काळ साधारण तेरावं शतक. म्हंजे ओबांचं राज्य उभं राहत होतं तेव्हाचा. अंगावर दागिने होते, कपड्याचे अवशेष होते. कशासाठी टाकल्या ते कुठल्या दंतकथेत नाही, कुठल्या पितळी पाटीवर नाही. मुक्ता साळवेनं १८५५ मध्ये, शाळेतली पोर असताना, आपल्या निबंधात लिहिलंय की मोठ्यांच्या इमारतींच्या पायात मांग-महारांना पुरलं जात होतं. तिनं लिहिलं म्हणून आपल्याला कळलं. त्या ४१ जणींमध्ये लिहिणारी कुणी नव्हती.

म्हणून नरबळीबद्दल लपवाछपवी करायचं कारण नाही. बेनिनमध्ये नरबळी होता. राजाच्या मरणाला, मोठ्या सणांना माणसं मारली जात. त्यात बहुतेक गुलाम, कैदी, गुन्हेगार ठरवलेले. साहेबानं त्याचं भांडवल केलं, ते पुढं बघू. पण साहेब खोटारडा होता म्हणून मारले गेलेले जिवंत होत नाहीत.

आणि आता ओतारी. जग ज्याला बेनिन ब्राँझ म्हणतं ते बहुतेक पितळ आहे. परंपरा सांगते, तेराव्या शतकाच्या शेवटाला ओगुओला नावाच्या ओबानं इफेहून ओतकामाचा जाणता मागवला. त्याचं नाव इगुएघाए. एडो ओतारी त्याला आजही आपला गुरू मानतात, पुजतात. इतक्या शतकांच्या कामात ओताऱ्याचं हे एवढं एक नाव टिकलं. ज्यांनी ओतलं त्यांपैकी कुणाची सही कुठल्याच वस्तूवर नाही.

काम असं. आधी मातीचा गाभा करायचा. त्यावर मेणाचा थर द्यायचा आणि मेणावर सगळं नक्षीकाम करायचं, पोवळ्याच्या माळेचा एकेक मणी, कपाळावरची एकेक खूण. मग वर मातीचे लेप, पहिला अगदी चाळलेल्या पातळ मातीचा, नंतरचे जाड. वाळवून भाजायचं. मेण वितळून वाहून जातं, आत पोकळी राहते. त्या पोकळीत मुशीतलं वितळलेलं पितळ ओतायचं. थंड झालं की साचा फोडायचा. (गिरणीत आम्ही मागाला साचा म्हणतो. तो फुटला तर मालक पगार कापतो. इथं साचा फोडल्याशिवाय माल निघत नाही.) साचा फुटला म्हणजे तीच वस्तू पुन्हा निघत नाही, प्रत्येक वेळी पहिल्यापासून. काही जुन्या शिरांची भिंत दोन-तीन मिलिमीटर जाड आहे. एवढ्या पातळ पोकळीत पितळ न अडखळता फिरवणं म्हणजे खेळ नाही. बर्लिनच्या संग्रहालयातल्या लुशान या पंडितानं कबूल केलं की युरोपच्या चेल्लिनीनंही यापेक्षा चांगलं ओतलं नसतं. कबूल करून त्यानं बर्लिनसाठी गाड्यांनी माल विकत घेतला तो भाग वेगळा.

हे ओतारी एका आळीत राहत. पुण्यात जशी तांबट आळी तशी बेनिनमध्ये इगुन. बापाकडनं पोराकडं काम. हस्तिदंत कोरणाऱ्यांची वेगळी जमात, लाकूडवाल्यांची वेगळी. पितळ हे राजाचं द्रव्य. राजाच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणासाठी ओतायची मुभा नव्हती. ओबा वारला की त्याचा वारस बापाचं पितळी शिर ओतून घेई आणि देव्हाऱ्यावर ठेवी. राजवाड्याच्या खांबांवर पितळी पाट्या ठोकलेल्या होत्या. आज अशा नऊशेच्या आसपास पाट्या माहीत आहेत, बहुतेक सोळाव्या-सतराव्या शतकातल्या.

आपला कार्यकर्ता लगेच विचारील, मग ही जातच झाली की! मीही हा प्रश्न मनात घोळवला. बाप ओतारी म्हणून पोर ओतारी, आळी ठरलेली, काम ठरलेलं, धनी ठरलेला. एवढं जातीसारखं आहे. पण त्यांच्या सावलीचा विटाळ कुणाला होत नव्हता. उलट सगळ्या कारागिरांत त्यांचा मान वरचा, त्यांच्या म्होरक्याला राजाकडनं पद. वेठ होती, विटाळ नव्हता. आपल्याकडं मेलेलं ढोर ओढणाऱ्याला आणि त्याच कातड्याचा जोडा शिवणाऱ्याला देवळाबाहेर ठेवलं, आणि जोडा घालणारा आत गेला. तेव्हा जात हा शब्द सगळीकडं चिकटवू नये. चिकटवला की आपल्याच दुःखाची धार बोथट होते.

त्या पाट्या बघा. मधे ओबा, सगळ्यात मोठा, पोवळ्यांनी गळ्यापर्यंत भरलेला. बाजूला सरदार, त्याहून लहान. मग पोरसवदा सेवक, ढोलवाले, शिंगवाले, त्याहून लहान. माणसाची उंची हुद्द्यावर. आणि वरच्या कोपऱ्यात, लांब केस आणि चोचीसारखी नाकं असलेले पोर्तुगीज. पुष्कळ पाट्यांवर त्यांच्या हातात किंवा बाजूला वाकवलेली कडी दिसतात.

ती कडी म्हणजे मनिल्ला. सगळी मेख तिथं आहे.

पोर्तुगीज बेनिनला पोचले ते १४८५-८६ च्या सुमारास. हेच पोर्तुगीज पुढं आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला, गोव्याला, वसईला आले. बेनिनच्या बंदरातनं, उघोतोनमधनं, ते तिथली शेपटीवाली मिरी नेत. पण मलबारची मिरी हाती आली तेव्हा पोर्तुगालच्या राजानं १५०६ मध्ये बेनिनच्या मिरीला बंदी केली, आपल्या इकडच्या मिरीचा भाव पडू नये म्हणून. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या मिरीनं त्यांच्या मिरीचं गिऱ्हाईक मारलं. शिवाय हस्तिदंत होतं, आणि कापड. एडो मुलखातल्या बाया उभ्या मागावर सुती कापड विणत, आणि सतराव्या शतकात डच व्यापारी ते हजारोंनी उचलून किनाऱ्यानं पश्चिमेकडं नेऊन विकत. विणणारीला काय मिळालं ते कुठल्या वहीत नाही.

आणि माणसं. पाशेको परेरा हा पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून गेला की बेनिनमध्ये बारा-पंधरा मनिल्लांना एक गुलाम मिळतो. हे गुलाम शेजारच्या लढायांत पकडलेले. पोर्तुगीज त्यांना एल्मिनाच्या किल्ल्याकडं नेत आणि तिथल्या आफ्रिकी व्यापाऱ्यांना सोन्याच्या बदल्यात विकत. बारा-पंधरा कडी दिली, माणूस घेतला. तीच कडी इगुन आळीत मुशीत गेली आणि राजाचं शिर होऊन बाहेर आली.

ही नुसती कविकल्पना नाही. २०२३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी बुडालेल्या जहाजांमधल्या मनिल्लांचं पितळ तपासलं. त्यातलं शिसं बेनिनच्या वस्तूंतल्या शिशाशी जुळलं, आणि ते जर्मनीतल्या ऱ्हाईन खोऱ्यातलं निघालं. त्याआधी कागदावरही होतंच. फुगर नावाच्या जर्मन सावकारांनी १५४८ मध्ये पोर्तुगालच्या राजाशी मनिल्ला पुरवायचा करार केला होता. खाणीतला मजूर जर्मन, जहाज पोर्तुगीज, विकलेला माणूस आफ्रिकी, ओतारी एडो. वस्तू राजाची.

न्याय्य बोलायचं तर सगळं पितळ माणसाच्या मोलाचं नव्हतं, मिरीच्या आणि हस्तिदंताच्या मोलाचंही होतं. आणि १५१६ पासून ओबानं पुरुष गुलाम परदेशी विकण्यावर बंधन घातलं, ते जवळजवळ सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंत टिकलं. त्या काळात असा नकार देणारी राज्यं थोडी होती. अभिमानी लोक इथं थांबतात आणि टाळ्या वाजवतात. पण बायकांची विक्री चालूच होती. घरातली गुलामीही होती. राजाला पुरुष लढाईला आणि मातीकामाला हवे होते, त्यानं ते ठेवून घेतले. पुढं अठराव्या शतकात गरज बदलली तशी विक्री पुन्हा सुरू झाली. ज्याला राजाची दया दिसते त्याला दिसो, मला हिशेब दिसतो.

लोक मात्र मेंढरं नव्हते. १७०० च्या सुमाराला एवुआक्पे नावाचा ओबा झाला. त्याची आई वारली तेव्हा त्यानं तिच्या मातीला इतकी माणसं मारली की लोकांचा संताप झाला. परंपरा सांगते, त्यांनी तलवार उचलली नाही. राजवाड्याकडं पाठ फिरवली. धान्य नाही, लाकूडफाटा नाही, चाकरी नाही, मुजरा नाही. चाकर निघून गेले, बायका निघून गेल्या, गवताचं छप्पर गळायला लागलं आणि ओबा उपाशी पडला. गड्यांनो, हा राजवाड्यावरचा संप. मोडला तो एका बाईच्या जिवावर. एक राणी इदेन मागं राहिली होती. तिनं स्वतःला जिवंत पुरून घेतलं, मग लोक परतले. एडो लोक तिच्या निष्ठेची गाणी, नाटकं करतात. मला त्या नाटकात संप करणाऱ्यांचं पात्र बघायला आवडेल.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज गुलामांऐवजी ताडतेल आणि रबर मागत आला. मागणी बदलली, मस्ती तीच. किनाऱ्यावरचे आफ्रिकी दलाल-राजे त्यानं एकेक करून उचलले, ओपोबोचा जाजा १८८७ मध्ये, इत्सेकिरींचा नाना १८९४ मध्ये. बेनिनच्या ओबा ओवोनराम्वेनशी १८९२ मध्ये करार केला, व्यापार खुला करायचा. ओबानं तो काय समजून कबूल केला ते तोच जाणे. व्यापार त्यानं आपल्याच मुठीत ठेवला.

१८९६ च्या नोव्हेंबरात फिलिप्स नावाच्या हंगामी कॉन्सल-जनरलनं लंडनला पत्र लिहिलं. ओबाला गादीवरनं काढायची परवानगी द्या, आणि मोहिमेचा खर्च त्याच्या वाड्यातल्या हस्तिदंतातनं निघेल अशी आशा आहे, असा त्याचा मतलब. नरबळीनं साहेबाचं काळीज फाटलं होतं असं पुढं सांगितलं गेलं. पत्रात हस्तिदंताचा हिशेब आधीच झालेला होता. उत्तराची वाट न बघता तो निघाला. ओबानं निरोप धाडला, इगुए सण चालू आहे, या दिवसांत मी परक्याला भेटत नाही, थांबा. तो थांबला नाही. ४ जानेवारी १८९७ ला वाटेत बेनिनच्या सरदारांनी हल्ला केला. नऊ गोऱ्यांपैकी सात मेले. त्यांच्याबरोबर दोनशेच्या वर आफ्रिकी हमाल होते, त्यांतले बहुतेक मेले किंवा पकडले गेले. सात जणांची नावं विलायतेत छापून आली. हमालांची नावं मी शोधली, सापडली नाहीत.

सूड म्हणून ॲडमिरल रॉसन सुमारे १,२०० सैनिक घेऊन आला. मॅक्सिम तोफा, रॉकेट. वाटेतली गावं जाळली. १८ फेब्रुवारीला शहर पडलं, २१ तारखेला त्याला आग लागली आणि राजवाडा, घरं राख झाली. ओबा ऑगस्टात शरण आला, लोकांसमोर त्याला जमिनीवर माथा टेकायला लावला, आणि कालाबारला हद्दपार केलं. १९१४ मध्ये तो तिथंच मेला. सरदारांपैकी काही मारले, ओलोगबोसेरेला १८९९ मध्ये फाशी. त्याच १८९७ च्या जूनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या गादीला ६० वर्षं झाली म्हणून इकडं रोषणाई झाली आणि २२ जूनच्या रात्री पुण्यात रँडवर गोळी सुटली. ती गोळी आपल्याला शाळेत पाठ आहे. बेनिनची आग कुठल्या धड्यात नाही.

राजवाड्याच्या कोठारात पाट्या धुळीत पडलेल्या सापडल्या. पितळ, हस्तिदंत मिळून हजारो वस्तू उचलल्या. काही सरकारनं विकल्या, काही अधिकाऱ्यांनी घरी नेल्या. त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमनं तीनशेच्या आसपास पाट्या मांडून दाखवल्या. बघणारे पंडित चक्रावले. काळे लोक असं करूच शकत नाहीत, तेव्हा हे पोर्तुगीजांनी शिकवलं असेल, इजिप्तातनं आलं असेल! अजिंठा बघून ग्रीकांचं नाव घेणारे, आणि बुद्धाची लेणी पांडवांच्या नावावर लावणारे आपल्याला परके नाहीत.

आज ब्रिटिश म्युझियमपाशी बेनिनच्या नऊशेच्या वर वस्तू आहेत. १९५० च्या सुमारास त्यांनी जास्तीच्या म्हणून काही पाट्या विकल्या, त्या घेणाऱ्यांत नायजेरियाही होतं. चोरीचा माल ज्याचा त्यालाच रोख पैशानं. १९७७ मध्ये लागोसला जगातल्या काळ्यांचा मोठा कलामेळा भरला, त्याचं बोधचिन्ह इदिआचा मुखवटा. नायजेरियानं तो फक्त उसना मागितला. नाजूक आहे म्हणून दिला नाही. आपल्या अमरावतीच्या स्तूपाचे दगड, विदर्भातली नव्हे, आंध्रातली अमरावती, त्याच इमारतीत आहेत. आणि १८९८ मध्ये पिपरहव्याच्या स्तूपातनं इंग्रजानं काढलेली रत्नं, बुद्धाच्या अस्थींबरोबर ठेवलेली, २०२५ मध्ये त्याच्या वारसांनी लिलावाला काढली होती. गाजावाजा झाला तेव्हा लिलाव थांबला आणि एका उद्योगसमूहानं ती विकत घेऊन भारतात आणली.

बेनिनचा माल आता परत येतोय. जर्मनीनं २०२२ मध्ये मालकी सोडली, अमेरिकेच्या स्मिथसोनियननं त्याच वर्षी २९ वस्तू दिल्या, नेदरलँड्सनं २०२५ मध्ये ११९. चांगली गोष्ट आहे. पण परत कुणाला? २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं, मालक ओबा. बेनिन सिटीत नवं संग्रहालय उभं राहिलं, त्याच्या उद्घाटनाचा कार्यक्रम नोव्हेंबर २०२५ मध्ये ओबाच्या बाजूच्या आंदोलकांनी उधळला.

आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून एक तिसराच आवाज आला. रेस्टिट्यूशन स्टडी ग्रुप ही गुलामांच्या वंशजांची संघटना. त्यांनी स्मिथसोनियनविरुद्ध कोर्टात जाऊन म्हटलं की या वस्तू एकट्या ओबाला देऊ नका. हे पितळ आमच्या आज्या-पणज्यांना विकून आलेलं आहे, ज्यानं विकलं त्याच्याच घरात ते परत का पाठवता, आमचाही त्यात हिस्सा आहे. कोर्टात दावा टिकला नाही. लंडनवाल्यांना मात्र हा मुद्दा सोयीचा वाटू शकतो, बघा, तुमचंच तुमच्यात ठरत नाही, मग आमच्याकडंच राहू द्या. त्या सोयीसाठी मुद्दा सोडायचा का? मला वाटतं लंडननं माल द्यावा, आज द्यावा, आणि हा प्रश्न बेनिनमध्ये, ओबाच्या दारात, उघड विचारला जावा. दोन्ही एकदम.

इगुन आळी अजून आहे. १९१४ मध्ये ओवोनराम्वेनचा मुलगा दुसरा एवेका गादीवर बसला आणि त्यानं पांगलेल्या कारागिरांना पुन्हा गोळा केलं. आता तिथले ओतारी कुणाचंही काम घेतात. भंगारातले नळ, यंत्रांचे सुटे भाग वितळवतात आणि इदिआचं शिर ओतून प्रवाशांना विकतात. बाईनं मात्र ओतकाम करायचं नाही, हा जुना नेम. विसाव्या शतकात तो पहिल्यांदा मोडला एलिझाबेथ ओलोवू या शिल्पकार बाईनं, ती विद्यापीठात शिकून ओतारीण झाली. ती ओबा दुसरा अकेन्झुआ याची मुलगी. आळीतल्या घरात जन्मलेल्या मुलीला तो नेम मोडता आला असता का, हे तिथं जाऊन कुणीतरी विचारायला हवं.